पोट सुटलंय आणि कंबरही दुखते : चाळिशी-पन्नाशीतले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोट कमी करायला जावं तर कंबर धरते, कंबर जपत बसावं तर पोट वाढतं. या कात्रीत सापडलेल्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढची बहुतेक उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. पोटाचा घेर मुख्यतः खाण्यातून कमी होतो. व्यायाम करायचा तो कंबरेसाठी आणि स्नायू टिकवण्यासाठी. या दोन कामांची गल्लत झाली, म्हणजे पोट जिरवायचं म्हणून पोटाचेच व्यायाम (झोपून धड वर उचलायचे सिट-अप्स, क्रंचेस) दणकून सुरू केले, की पंधरवड्यात कंबर धरून बसायची वेळ येते.

दहा वर्षांत वजन जेमतेम तीन-चार किलो वाढलं, मग पोट एवढं कसं सुटलं?

वजनकाटा फक्त बेरीज दाखवतो, आत काय घडलं ते दाखवत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू झडतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. चार किलो स्नायू गेले आणि आठ किलो चरबी आली तर काट्यावर चारच किलो दिसतात. पट्ट्याला मात्र नवीन भोक पाडावं लागतं.

त्यात चरबी साठण्याची जागाही बदलते. रजोनिवृत्तीच्या आसपास इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक उतरलं की एरवी मांड्या-नितंबांवर बसणारी चरबी पोटाकडे वळते. पुरुषांची ती बहुधा आधीपासूनच पोटावर असते. यातली जी चरबी चिमटीत येते ती कातडीखालची. आतड्यांभोवती आणि यकृताभोवती बसलेली आतली चरबी चिमटीत येत नाही, पण पोट पुढे ढकलते, आणि मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांच्याशी जास्त संबंध हिचाच. दिलासा एवढाच, की वजन उतरू लागलं की प्रमाणात पाहता आधी हीच कमी होते.

कंबर दुखणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक कारण असतं. दुखेल या धास्तीने जिना टळतो, बाजारहाट टळतो, खाली बसून करायची कामं टळतात. ताटातलं मात्र काहीच टळत नाही.

पोट वर्षांत नव्हे तर काही आठवड्यांतच वाढलं असेल, टणक लागत असेल, भूक मंदावली असेल किंवा पायांवर सूज असेल, तर ते चरबीचं लक्षण धरू नका. डॉक्टरांकडून तपासून घ्या.

चाळिशीनंतर चयापचय मंदावतं, त्यामुळे काही केलं तरी उपयोग नाही, असं ऐकलं. खरं आहे का?

नाही. २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात २९ देशांतल्या ६,४०० हून जास्त माणसांच्या ऊर्जाखर्चाची मोजणी प्रसिद्ध झाली. शरीरातल्या चरबीविरहित वजनाचा हिशेब धरल्यावर हा खर्च विशीपासून साठीपर्यंत जवळपास स्थिर राहतो आणि त्यानंतर हळूहळू उतरतो, असं त्यात दिसलं. म्हणजे ४५ व्या वर्षी शरीराची भट्टी काही विझलेली नसते. घटलेले असतात ते स्नायू आणि दिवसभरातली हालचाल, आणि या दोन्हींवर काम करता येतं.

पोट कमी झालं की कंबरदुखी जाईल का?

जाईलच असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर जरा सावध राहा. लठ्ठपणा आणि कंबरदुखी यांचा संबंध नक्की आहे. पोटाचं ओझं मणक्याच्या पुढच्या बाजूला असतं. ते तोलून धरायला पाठीच्या स्नायूंना सतत मागे ओढत राहावं लागतं. ओझं कमी झालं की त्यांचं काम कमी होतं. पण कंबरदुखीला इतरही धागे असतात : झोप, ताण, बैठं काम, कमकुवत नितंब, जुनी दुखापत. अनेकांना ५ ते १० टक्के वजन उतरल्यावर चालणं-उठणं हलकं वाटतं. दुखणं पूर्ण जाणं मात्र बहुधा वजनापेक्षा स्नायूंच्या ताकदीवर आणि हालचालीवर ठरतं. म्हणून दोन्ही कामं एकाच वेळी सुरू करा. ‘आधी कंबर बरी होऊ दे, मग पोटाचं बघू’ म्हणणाऱ्यांचं वर्ष नुसतं वाट पाहण्यात जातं. खाण्यातले बदल तर कंबर दुखत असतानाही आजपासून करता येतात.

सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना दाखवायलाच हवं का?

साधी, अधूनमधून धरणारी कंबर असेल तर चालणं आणि खाण्यातले बदल सुरू करायला हरकत नाही. पण पुढच्या गोष्टी असतील तर आधी दवाखाना.

लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा सुटणं, दोन्ही मांड्यांच्या आतल्या भागात आणि बसायच्या जागी बधिरपणा, दोन्ही पायांत जोर कमी होणं : यातलं काहीही नव्याने दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मणक्याच्या शेवटच्या मज्जातंतूंचा जुडगा दाबला गेल्याची ही लक्षणं आहेत आणि तिथे तासांचा उशीरही महागात पडतो.

ताप, प्रयत्न न करता उतरणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, हाडं ठिसूळ असणं किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेली असणं, आणि कुठल्याच स्थितीत आराम न पडणारं रात्रीचं दुखणं. यांपैकी काही असेल तर व्यायामाआधी तपासणी. पाऊल उचलताना पंजा लोंबत असेल, टाचेवर चालता येत नसेल, तर त्यातही दिरंगाई नको.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला. ताटातलं कमी झालं आणि डोस तोच राहिला, तर साखर एकदम उतरू शकते.

एमआरआयमध्ये ‘गादी सरकली’ असं आलंय. व्यायाम करता येईल?

बहुतेकांना येतो. अहवालातले शब्द घाबरवतात, पण ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा माणसांचे एमआरआय एकत्र करून पाहिले तेव्हा चाळिशीतल्या सुमारे ५० टक्के आणि पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्के लोकांच्या मणक्यातल्या गाद्या फुगलेल्या निघाल्या. गादीची झीज तर पन्नाशीत ८० टक्के लोकांना होती. केस पांढरे होतात तसंच हे. चित्रापेक्षा लक्षणं महत्त्वाची : कळ पायात उतरते का, मुंग्या येतात का, जोर कमी झालाय का.

एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. पोटरीपर्यंत जाणारी कळ मांडीपर्यंत, मग नितंबापर्यंत अशी मागे सरकत असेल, तर कंबरेत थोडं जास्त दुखलं तरी ते सुधारणेचंच लक्षण समजतात. उलट कंबरेतलं दुखणं व्यायामानंतर पायात उतरू लागलं, तर तो व्यायाम त्या क्षणी थांबवा.

सिट-अप्स आणि क्रंचेस नकोत असं का म्हणता? पोट तर त्यांनीच जातं ना?

पोटाचा स्नायू आणि त्यावरची चरबी यांच्यात तसा थेट व्यवहार नसतो. लागणारी चरबी शरीर सगळीकडून काढतं. ज्या भागाचा व्यायाम केला तिथूनच ती काढली जात नाही. सहा आठवडे नुसते पोटाचे व्यायाम करून घेतलेल्या गटाच्या पोटावरची चरबी इतरांपेक्षा कमी झाली नाही, हे प्रयोगात तपासून झालेलं आहे.

दुसरी बाजू कंबरेची. पाठकण्याच्या यांत्रिकीचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांच्या मोजमापानुसार एका सिट-अपमध्ये कमरेच्या मणक्यांवर सुमारे ३,३०० न्यूटन इतका दाब येतो. उचलाउचलीच्या कामासाठी अमेरिकेत सुरक्षित धरलेली मर्यादा ३,४०० न्यूटनच्या आसपास आहे. निरोगी तरुणाचा कणा हे सोसतो. आधीच चिडलेल्या गादीला मात्र दाब आणि पुढे वाकणं हे दोन्ही एकदम, तेही रोज पन्नास वेळा, नको असतं. पाय सरळ ठेवून दोन्ही एकदम वर उचलण्याचा व्यायामही याच यादीत टाका.

मग पोटाचे आणि कंबरेचे कुठले व्यायाम करायचे?

खालचे चार पुरेसे आहेत. पहिले तीन मॅकगिल यांनीच लोकप्रिय केले. यांत कणा जागचा न हलवता त्याभोवतीचे स्नायू ताठ धरायला शिकवलं जातं. सगळे मिळून पंधरा मिनिटं लागतात. गादीवर किंवा पलंगावर करू नका. जमिनीवर सतरंजी किंवा मॅट घाला.

डोकं अर्धवट उचलणं. पाठीवर झोपा. एक गुडघा दुमडा, दुसरा पाय सरळ. दोन्ही तळहात कंबरेखालच्या पोकळीत ठेवा. ती पोकळी तशीच राहिली पाहिजे, कंबर जमिनीला चिकटवायची नाही. आता डोकं आणि खांदे जमिनीपासून बोटभरच उचला. ८ ते १० सेकंद धरा, श्वास चालू ठेवा. मान आखडत असेल तर तुम्ही मानेने उचलताय : हनुवटी किंचित आत घ्या, जीभ टाळूला टेकवा आणि छातीच्या हाडापासून उचलल्याचा प्रयत्न करा. हाडं ठिसूळ झालेली असतील तर हा प्रकार सोडून द्या.

कुशीवरचा प्लँक. कुशीवर वळा, कोपर बरोबर खांद्याखाली, गुडघे काटकोनात दुमडलेले. खुबा वर उचला म्हणजे खांदा, खुबा, गुडघा एका रेषेत येतील. ८ ते १० सेकंद. खुबा मागे पडणं ही नेहमीची चूक. नितंब आवळले की तो पुढे येतो. खांदा दुखत असेल तर उभं राहून भिंतीला कोपर टेकवून करा. पाय सरळ ठेवून करायची घाई नको, गुडघ्यांवरचं महिनाभर चालू द्या.

हात-पाय लांबवणं. ओणवे व्हा : तळहात खांद्यांखाली, गुडघे खुब्यांखाली. उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे लांबवा, मग बाजू बदला. पाय कंबरेच्या वर जाता कामा नये. बहुतेकांचं इथेच बिघडतं : पाय उंच नेण्याच्या नादात कंबर खाली झोळते आणि व्यायामाचा उद्देशच उलटा होतो. टाच मागच्या भिंतीकडे ढकला, छताकडे नको. गुडघे दुखत असतील तर खाली घडी घातलेला टॉवेल ठेवा.

पूल. पाठीवर झोपून दोन्ही गुडघे दुमडा, नितंब आधी आवळा आणि मग उचला. मांडीच्या मागे पेटका आला तर टाचा नितंबांपासून लांब आहेत, जवळ घ्या. कंबरेत चमक आली तर तुम्ही फार वर गेलात.

आवर्तनं अशी : पहिल्या फेरीत ६, थोडं थांबून दुसऱ्या फेरीत ४, तिसऱ्यात २. दोन बाजूंचे व्यायाम प्रत्येक बाजूला तेवढेच. पुढे जाताना धरायचे सेकंद वाढवू नका, आवर्तनं वाढवा : ८, ६, ४. दोन-दोन मिनिटं प्लँक धरण्याच्या शर्यतीत थकलेला स्नायू सुटतो, आकार बिघडतो आणि भार कण्यावर येतो.

व्यायाम सकाळी उठल्या उठल्या केला तर चालेल?

कंबर वाकवणारा नको. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी उंचीही सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरने जास्त भरते. फुगलेल्या गादीवर वाकण्याचा ताण जास्त येतो. दिवसभरात उतरणाऱ्या या उंचीपैकी निम्म्याहून जास्त पहिल्या तासाभरातच उतरते, म्हणून उठल्यापासून एक तास तरी पुढे वाकणं, जड उचलणं आणि पायाची बोटं धरायचा ताण टाळा. चालायला हरकत नाही. ज्यांची कंबर सकाळी जास्त आखडते त्यांना नुसत्या या एका बदलाने बराच फरक पडतो. मोजे बसून घाला, दात घासताना एक हात बेसिनवर टेकवा.

पुढे वाकलं की दुखतं. शेजाऱ्यांना मात्र वाकलं की बरं वाटतं. दोघांना एकच व्यायाम कसा चालेल?

पूर्ण एकच चालणार नाही, हा प्रश्न अगदी रास्त आहे. बसल्यावर, वाकल्यावर, खोकताना दुखणं वाढत असेल आणि उभं राहून चालल्यावर बरं वाटत असेल, तर गादीकडे संशय जातो. अशांनी पुढे वाकायची आसनं आणि सायकलवर वाकून बसणं टाळावं. पालथं झोपून कोपरांवर हलकेच टेकणं अनेकांना सुखावतं.

उलट चालताना पाय भरून येत असतील, दोन-चार मिनिटं बसलं की मोकळे होत असतील, ढकलगाडीवर वाकून चाललं की बरं वाटत असेल, तर मज्जारज्जूची वाट अरुंद झालेली असू शकते. हे बहुधा पन्नाशीच्या पुढे दिसतं. अशांना स्थिर सायकल मानवते, मागे वाकणं मानवत नाही. चालणं तुकड्यांत करावं : पाय भरायच्या आधीच बसायचं आणि मग पुन्हा उठायचं. मणका पुढे घसरलेला असेल तरीही मागे वाकणं टाळतात. योगासनं करणाऱ्यांनी हाच नियम आसनांना लावावा. शिक्षकांना आपलं दुखणं कुठल्या बाजूला वाकल्यावर वाढतं ते आधीच सांगावं.

रोज किती चालायचं?

जितकं चालून दुसऱ्या दिवशी दुखणं वाढत नाही तितक्यापासून सुरुवात. दहा मिनिटं जमत असतील तर दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. दर आठवड्याला एका फेरीत दोन-तीन मिनिटं वाढवा. अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, हा पहिला टप्पा. जागतिक आरोग्य संघटनेची आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची शिफारस त्यातच बसते. वेग एवढा की बोलता येईल, गाता येणार नाही. हात खांद्यातून मोकळे हलू द्या; खिशात हात घालून रमतगमत चालणं कंबरेला जास्त जाचतं.

कंबरेसाठी चालण्याचा पुरावा आता चांगला आहे. २०२४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या ७०१ जणांच्या चाचणीत, कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्यांना टप्प्याटप्प्याने चालायला लावलं. त्यांचं दुखणं पुन्हा उद्भवायला मध्यक २०८ दिवस लागले (म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त). ज्यांना काही दिलं नव्हतं त्यांना ११२.

पोटासाठी मात्र चालण्याकडून फार आशा नको. ७५ किलोचा माणूस एक किलोमीटर चालून साधारण ५० ते ५५ कॅलरी खर्च करतो. अर्ध्या तासाचे दीडशे धरले, तर परतल्यावर मूठभर सुका मेवा तोंडात टाकला की हिशेब बरोबर.

चालणंही झेपत नसेल तर पाण्यात चाला. कंबरभर पाण्यात शरीराचा भार निम्म्यावर येतो, छातीभर पाण्यात आणखी कमी.

वजनं उचलायची की नाही?

उचलायची, पण सुरुवातीच्या महिन्या-दीड महिन्यानंतर आणि वाकायचं कसं ते शिकल्यावर. खाणं कमी केलं आणि स्नायूंना काही कामच दिलं नाही, तर उतरणाऱ्या वजनात स्नायूंचा वाटा मोठा होतो. मग काटा खूश, पोट मात्र तसंच थुलथुलीत.

आधी खुब्यातून वाकायला शिका. काठी पाठीला उभी लावा : डोक्याची मागची बाजू, खांद्यांच्या मधला भाग आणि माकडहाड, या तिन्ही ठिकाणी ती टेकली पाहिजे. गुडघे किंचित सैल. नितंब मागे न्या, जणू मागचं दार ढकलताय. काठी एकाही ठिकाणी सुटली की तिथेच थांबा. तुमची मर्यादा आज तेवढीच. रिकाम्या हाताने दहा वेळा नीट जमल्यावरच हातात वजन.

आठवड्यात दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून : खुर्चीवरून उठणं-बसणं, रबरी पट्टा दाराला अडकवून छातीकडे ओढणं, भिंतीला किंवा ओट्याला हात टेकवून जोर, आणि एका हातात वजन घेऊन सरळ चालणं. प्रत्येकी ८ ते १२ आवर्तनं, २ फेऱ्या. शेवटी दोन-तीन आवर्तनं आणखी निघाली असती असं वाटलं पाहिजे. जोर लावताना श्वास सोडा, कोंडून धरू नका. रक्तदाब असणाऱ्यांनी तर नक्कीच नाही.

घरात उचलतानाही हेच. १९९९ साली एका स्वयंसेवकाच्या मणक्यातल्या गादीत दाबमापक बसवून पाहिलं होतं. नुसतं उभं राहताना तिथे ०.५ मेगापास्कल दाब होता. २० किलोचं ओझं पाठ वाकवून उचलताना तो २.३ झाला, गुडघे वाकवून उचलताना १.७, आणि तेच ओझं अंगाशी धरून उभं राहिल्यावर १.१. ओझं अंगाजवळ ठेवणं ही अर्धी लढाई आहे. उचलून कंबरेत पिळा देऊ नका, पावलं टाकून वळा.

खाणं नेमकं किती कमी करायचं?

एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. रोज ४०० कॅलरी कमी घेतल्या तर आठवड्याला २,८०० होतात, म्हणजे कागदावर साधारण ३५० ग्रॅम. प्रत्यक्षात वजन उतरेल तसा शरीराचा खर्चही उतरतो, त्यामुळे पुढे वेग मंदावतो. आठवड्याला वजनाच्या अर्धा टक्का, म्हणजे ८० किलोला ४०० ग्रॅम, हा वेग मध्यमवयात चांगला. याहून घाई केली तर स्नायू जातात आणि कंबरेचा आधारच कमी होतो.

हे ४०० कुठून काढायचे? सगळं ताट अर्धं करू नका, दोन दिवसांत कंटाळाल. आधी न दिसणाऱ्या गोष्टी पाहा. तेलाचा एक मोठा चमचा, १५ मिलिलिटर, सुमारे १२० कॅलरी. बाटलीतून थेट ओतलं तर किती पडतं याचा पत्ता लागत नाही. आठवड्याचं तेल मोजून वेगळ्या बाटलीत काढा आणि तेवढ्यातच भागवा. दिवसात चार कप चहा, प्रत्येकात दोन छोटे चमचे साखर : इथेच १३० ते १६०. सुका मेवा ३० ग्रॅम : १७० च्या पुढे, आणि मूठ मोठी असेल तर दुप्पट. मद्याच्या प्रत्येक ग्रॅम अल्कोहोलमागे ७ कॅलरी. सोबतचं तळण वेगळं. यातले तीन सुधारले तरी ४०० च्या जवळ पोचता.

मग ताटाची मांडणी. निम्मं ताट भाज्या, पाव भाग प्रथिनं, पाव भाग धान्य. आधी भाजी आणि प्रथिनं खा. तंतुमय पदार्थ दिवसाला २५ ते ३० ग्रॅम, पण हळूहळू वाढवा आणि पाणी सोबत वाढवा. कंबर दुखणाऱ्यांना याचं वेगळं कारणही आहे : बद्धकोष्ठात कुंथताना पोटातला दाब वाढतो आणि कळ उठते. कोडीनसारख्या वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होतंच, त्यामुळे ती चालू असतील तर हे आणखी पाळा.

प्रथिनं किती?

मूत्रपिंड ठीक असेल तर वजनाच्या दर किलोमागे १.२ ग्रॅम, नियमित वजनं उचलत असाल तर १.६ पर्यंत. ७५ किलोला रोज ९० ग्रॅम. तीन जेवणांत ३०-३० विभागले की सोपं. अंदाजासाठी : एक अंडं ६ ग्रॅम, २५० मिलिलिटर दूध ८, वाडगाभर शिजलेलं कडधान्य १५ च्या आसपास, १०० ग्रॅम शिजलेली कोंबडीची छाती ३०. न्याहारी ही बहुतेकांची कच्ची बाजू; तिथे जेमतेम ५-७ ग्रॅम पडतात आणि अकरा वाजता भूक खवळते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे आकडे तुमच्यासाठी नाहीत, डॉक्टर सांगतील ते.

सोळा तास उपाशी राहणं किंवा कर्बोदकं पूर्ण बंद करणं जास्त चांगलं का?

दोन्हींनी वजन उतरतं, कारण दोन्हींत एकूण खाणं कमी होतं. पोटाची चरबी वितळवणारी वेगळी जादू त्यांत नाही. जे दोन वर्षं पाळता येईल ते निवडा. रिकाम्या पोटी सूज-वेदनेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र लांब उपवास टाळावा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या जठराला जाळतात.

घेर कुठे आणि कसा मोजायचा?

बेंबीवर नाही, पँटच्या पट्ट्यावर तर नाहीच. शेवटची बरगडी आणि खुब्याच्या हाडाचा वरचा काठ चाचपून काढा. दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप फिरवा. टेप जमिनीला समांतर, कातडीत न रुतणारा. नेहमीसारखा श्वास सोडा आणि आकडा वाचा. आरशात पाहिलं तर मागून टेप घसरलाय का ते कळतं. दोनदा मोजा, पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी शौचानंतर.

घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, ही सगळ्यात सोपी कसोटी : उंची १६० सेंटिमीटर तर घेर ८० च्या आत. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांसाठी आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा धरली आहे.

व्यायामानंतर थोडं दुखतं. थांबवू का?

दहापैकी तीनपर्यंतचं दुखणं, जे चोवीस तासांत पूर्वपदावर येतं, ते चालतं. त्याहून जास्त झालं तर पुढच्या वेळी आवर्तनं निम्मी करा. पायात कळ उतरली तर तो प्रकार बंद.

उसण भरली तर अंथरूण धरू नका. एखाद-दोन दिवस हळू घ्या. पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवल्या की बहुतेकांना आराम पडतो. पण तासातासाला उठून घरातच चार फेऱ्या मारा. खाणं या दिवसांत बिघडतं, हे आधीच धरून चाला. घरात बसून चरणं सुरू होतं आणि महिन्याची कमाई आठवड्यात जाते.

झोपेचा पोटाशी काय संबंध?

बराच. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात तेवढंच कमी जेवण देऊन झोपेची वेळ बदलली : साडेआठ तासांऐवजी साडेपाच तास मिळाल्यावर उतरलेल्या वजनातला चरबीचा वाटा निम्म्याहून खाली आला, स्नायूंचा वाढला. कंबरेमुळे झोपमोड होत असेल तर कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी, पाठीवर झोपताना गुडघ्यांखाली. घोरणं मोठं असेल आणि दिवसा डुलक्या येत असतील तर झोपेत श्वास अडण्याची तपासणी करून घ्या.

कंबरपट्टा बांधू का? आणि घाम काढणारा पट्टा?

घामाच्या पट्ट्याने पाणी जातं, एक ग्लास प्यायलात की परत येतं. कंबरपट्टा जुनाट कंबरदुखीसाठी सरसकट देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०२३ चं मार्गदर्शन आहे, ट्रॅक्शनबद्दलही (वजन लावून कंबर ताणण्याबद्दल) तेच. शस्त्रक्रियेनंतर किंवा हाड मोडल्यावर डॉक्टरांनी दिला असेल तर गोष्ट वेगळी.

तीन महिने सगळं पाळतोय, तरी आकडा हलत नाही. कुठे चुकत असेल?

आधी काट्याची खात्री करा. पाणी, मीठ आणि शौच यांनी एका दिवसात एक-दोन किलोचा फरक सहज पडतो. रोज वजन करून आठवड्याची सरासरी काढा आणि सरासरीशी सरासरी ताडा. काटा स्थिर पण घेर दोन सेंटिमीटरने उतरला असेल तर काम चालू आहे.

दोन्ही जागचे असतील तर एक आठवडा तोंडात जाणारं सगळं लिहून काढा, शनिवार-रविवार धरून. पाच दिवसांची ४०० ची बचत दोन दिवसांच्या १,००० च्या उधळणीत संपते, हे कागदावर आल्याशिवाय पटत नाही.

तरीही कोडं सुटत नसेल तर औषधांची यादी काढा. कंबरेच्या आणि पायातल्या कळेसाठी दिली जाणारी प्रेगाबालिन आणि गॅबापेन्टिन, रात्रीची अमिट्रिप्टिलिन, तोंडाने घेतलेली स्टेरॉइड : या सगळ्यांनी वजन वाढू शकतं, आणि हे बऱ्याचदा कोणी सांगितलेलं नसतं. वजन औषध सुरू झाल्यानंतरच्या महिन्यांत चढलं का, ते तारखांनिशी पाहा. मात्र गोळ्या स्वतःहून एकदम बंद करू नका. प्रेगाबालिन किंवा गॅबापेन्टिन तोडल्यावर झोप उडते, घाम फुटतो, बेचैनी येते. स्टेरॉइड एकदम थांबवणं तर धोक्याचंच. तारखा आणि वजनाचे आकडे लिहिलेला कागद डॉक्टरांपुढे ठेवा आणि डोस उतरवता येईल का किंवा पर्याय आहे का, ते विचारा. त्याच भेटीत थायरॉइड आणि रक्तातली साखर तपासून घेतलीत तर दुसरी खेप वाचते.